‘इनेव्हिटेब्ली’ कुठे बसतो आणि कुठे खटकतो

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे दिवस होते. शिकवणीला येणारा एक मुलगा गावच्या देवस्थान समितीची नोटीस इंग्रजीत करून माझ्याकडे तपासायला घेऊन आला. मूळ मराठी वाक्य साधं होतं : ‘सर्व महाजनांची (म्हणजे देवस्थानाच्या हक्काच्या सदस्यांची) उपस्थिती अनिवार्य आहे.’ त्याने ‘अनिवार्य’साठी शब्दकोश धुंडाळला आणि लिहिलं, ‘ऑल महाजन्स शुड इनेव्हिटेब्ली अटेंड द मीटिंग.’ व्याकरणाची चूक शोधूनही सापडत नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून ऐकू येतं ते असं, की महाजन ठरवोत वा न ठरवोत, नियती त्यांना हाताला धरून सभेला आणणार आहे.

मला हसू आलं, पण फार हसायला तोंड नव्हतं. माझ्या पहिल्याच नोकरीत मी रजेच्या अर्जात ‘आय वॉज इनेव्हिटेब्ली अ‍ॅबसेंट यस्टरडे’ असं लिहून दिलं होतं. साहेबांनी अर्जावरून मान वर केली आणि विचारलं, ‘‘म्हणजे तू काल येणार नाहीस, हे आधीपासून ठरलेलंच होतं का?’’ मला घरी वडील आजारी असल्याचं सांगायचं होतं. अर्जातून मात्र निघालं ते असं, की मी काही भरवशाची नाही.

गोव्यातल्या डिचोलीत माझ्याकडे येणारे बरेच जण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले असतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत पडतात. शब्द भराभर पाठ होतात, त्यांची जागा मात्र सापडत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आणि हॉटेलात, कचेरीत, बँकेत नुकतं इंग्रजी लिहायला लागलेल्यांसाठी आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. आधी कानाला सवय होऊ दे.

पहिली पायरी : तोंडात बसवा

पाच तुकडे आहेत : इ-नेव्-इ-ट-ब्ली. जोर दुसऱ्यावर, ‘नेव्’वर. आपण ‘टेबल’ दिसलं की टेबल म्हणतो, तसं इथे म्हणायचं नाही. तो ‘ट’ अगदी निसटता येतो. स्पेलिंगमध्ये दहा अक्षरं : आय, एन, ई, व्ही, आय, टी, ए, बी, एल, वाय. चूक हमखास होते ती ‘टी’नंतरच्या ‘ए’च्या जागी ‘आय’ लिहिण्याची. ‘टेबल’चा ‘ए’ इथे लक्षात ठेवा, उच्चार करताना विसरा.

दुसरी पायरी : मुळाशी जाऊन या

ही पायरी गाळली तरी चालेल, पण गोव्यात राहून ती गाळू नये. लॅटिनमध्ये ‘विटारे’ म्हणजे टाळणं, चुकवणं. त्याच्या आधी ‘ए’, म्हणजे बाहेर, बाजूला. आणि सगळ्यात पुढे नकाराचा ‘इन’. बाजूला होऊन जे चुकवता येत नाही, ते इनेव्हिटेबल. पोर्तुगीजमध्येही हेच क्रियापद आहे, ‘एव्हितार’. घरात किंवा शेजारी जुनं पोर्तुगीज शिकलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर त्यांना ‘एव्हितार’चा अर्थ विचारून बघा. ते क्षणात सांगतील, टाळणं. त्यांना हा इंग्रजी शब्द कधी शिकवावा लागत नाही.

आता आपला ‘अपरिहार्य’ फोडा. ‘अ’ नकाराचा, ‘परि’ बाजूला, ‘हार्य’ नेण्याजोगं. जे बाजूला सारता येत नाही ते. दोन्ही शब्दांची बांधणी एकाच सुताराने केल्यासारखी. ‘अटळ’ तर आणखी सरळ, जे टळत नाही ते. आणि ‘अनिवार्य’ म्हणजे ज्याचं निवारण होत नाही ते. मुळात हे तिघे एकाच घरचे.

घोटाळा पुढे झाला. ‘अनिवार्य’ सरकारी नोकरीत लागला.

तिसरी पायरी : ‘अनिवार्य’पासून सावध राहा

आज मराठीत ‘अनिवार्य’ बहुतेक वेळा सक्तीच्या अर्थाने येतो. हेल्मेट अनिवार्य, ओळखपत्र अनिवार्य, उपस्थिती अनिवार्य. शब्दकोशात मात्र ‘इनेव्हिटेबल’समोर अटळ, अपरिहार्य यांच्या शेजारी ‘अनिवार्य’ही जुन्या अर्थाने बसलेला असतो. नवखा माणूस तिकडून इकडे उडी मारतो आणि नेमका इथेच पडतो.

नियम मोडता येतो. अटळ गोष्ट मोडता येत नाही. एवढा एक फरक धरून ठेवा. पणजीत दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे आणि बिनहेल्मेटची डोकी रोज दिसतात. म्हणजे हेल्मेट ‘मँडेटरी’ आहे, ‘इनेव्हिटेबल’ नाही. इनेव्हिटेबल आहे तो दंड, असं मी एकदा वर्गात म्हणाले. मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘‘नाही टीचर, पोलीस सगळ्या वळणांवर नसतो.’’ मुलगी बरोबर होती. दंडही इनेव्हिटेबल नाही.

तेव्हा नियम, हुकूम, अट, सूचना असेल तिथे ‘मँडेटरी’, ‘कम्पल्सरी’ किंवा साधं ‘मस्ट’. समितीच्या नोटिशीला ‘अटेंडन्स इज मँडेटरी’ एवढं पुरे.

दुसरा सापळा ‘नाइलाजाने’. ‘बस चुकली, नाइलाजाने रिक्षा केली’ यात रिक्षा मी केली. मनाविरुद्ध केली, पण ठरवलं मीच. तिथे ‘आय इनेव्हिटेब्ली टुक अ रिक्षा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई दर वेळी रिक्षाच करते. म्हणायचं असं : ‘आय हॅड टू टेक अ रिक्षा’ किंवा ‘आय हॅड नो चॉइस बट टू टेक अ रिक्षा’. माझ्या रजेच्या अर्जाचा रोगही हाच होता. तिथे हवा होता ‘अनअव्हॉइडेब्ली’. इंग्रजीत ‘आय वॉज अनअव्हॉइडेब्ली डिटेन्ड’ हे उशिराबद्दल माफी मागायचं ठरीव वाक्य आहे. अडचण आली, माझा इलाज चालला नाही, एवढंच ते सांगतं. दोन्ही शब्दांचा अर्थ शब्दकोशात जवळपास एकच दिसेल. पण ‘अनअव्हॉइडेब्ली’ एका दिवसाच्या अडचणीबद्दल बोलतो आणि ‘इनेव्हिटेब्ली’ गोष्टी कोणत्या क्रमाने घडतात त्याबद्दल.

चौथी पायरी : कारणाची दोरी दाखवा

हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारा : हे कोणी टाळू शकलं असतं का? टाळू शकणारं कोणी दिसत नसेल आणि अमुक झालं म्हणून तमुक झालंच, अशी दोरी दाखवता येत असेल, तरच शब्द लिहा.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, बाजारात येणारं नुस्तें (मासे) कमी, खाणारी तोंडं तेवढीच. अशा वेळी ‘ड्युरिंग द बॅन, फिश प्राइसेस इनेव्हिटेब्ली राइज’ हे वाक्य चोख आहे. दर वाढवायचा कट कुणी केलेला नाही. माल कमी झाला की दर चढतो, त्यात एकट्यादुकट्याचं काही चालत नाही.

आता आमच्या खाणपट्ट्यातलं उदाहरण. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी बंद ठेवायचा आदेश दिला, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. ‘व्हेन माइनिंग स्टॉप्ड, मेनी ट्रक ओनर्स इनेव्हिटेब्ली फेल बिहाइंड ऑन देअर लोन्स.’ हे बसतं. खेपा नाहीत तर भाडं नाही, भाडं नाही तर हप्ता नाही. दोरी सरळ आहे.

पण याच गोष्टीवर एका मुलीने लिहिलं, ‘माइनिंग इनेव्हिटेब्ली स्टॉप्ड.’ मी लाल पेनाने खूण केली. खाणी आपोआप थांबल्या नव्हत्या. बेकायदा खाणकामाची चौकशी झाली, आयोगाचा अहवाल आला, याचिका झाल्या, न्यायालयाने आदेश दिला. प्रत्येक टप्प्यावर माणसं होती आणि त्यांनी निर्णय घेतले. ‘इनेव्हिटेब्ली’ म्हटलं की ही सगळी माणसं वाक्यातून पुसली जातात. कधी ती चुकून पुसली जातात, कधी मुद्दाम. निवेदनं, खुलासे, प्रेसनोट वाचताना हा शब्द आला की मी तिथे थांबते आणि बघते, कोण पुसलं गेलंय.

पाचवी पायरी : ‘हटकून’वाला इनेव्हिटेब्ली

आतापर्यंतचा इनेव्हिटेब्ली गंभीर होता. त्याचा एक थट्टेखोर भाऊ आहे आणि रोजच्या इंग्रजीत तो जास्त भेटतो. छत्री घरी विसरले की पाऊस येतो. घाई असेल त्या दिवशी फेरीबोट नेमकी पलीकडच्या काठाला असते. इंग्रजीत : ‘आय लेफ्ट माय अंब्रेला अ‍ॅट होम, अँड इनेव्हिटेब्ली, इट रेन्ड.’ छत्री विसरण्याचा आणि पावसाचा काही संबंध नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं. आपलं नशीब असंच, अशी एक हलकी कुरकुर त्यात असते.

मराठीत याला ‘अटळपणे’ म्हणून बघा. ‘मी छत्री विसरले आणि अटळपणे पाऊस पडला.’ कानाला दगड लागतो. इथे आपला शब्द ‘हटकून’. हटकून पाऊस पडला. ‘नेमका’ही चालतो, ‘हमखास’ही. माझ्या मते इनेव्हिटेब्लीची ही बाजू शिकवायला ‘हटकून’इतका नेमका शब्द दुसरा नाही, आणि कितीतरी शब्दकोशांत तो समोर दिलेलाच नसतो.

गंभीर अर्थ असेल तेव्हाही मराठीत लांबलचक ‘अपरिहार्यपणे’ ओढायची गरज नाही. आपलं काम शेवटचा ‘च’ करतो. ‘दर वाढणारच.’ ‘उशीर होणारच होता.’ कोंकणीतही तसंच : ‘पावस येतलोच.’ इंग्रजीला जे पाच तुकड्यांत सांगावं लागतं ते आपण एका अक्षरात सांगतो. फक्त उलट जाताना जपा. आपला ‘च’ नुसता ठासून बोलायलाही येतो. ‘मी जाणारच’ यात माझा हट्ट आहे. त्याचं इंग्रजी ‘आय विल डेफिनेटली गो’. ‘आय विल इनेव्हिटेब्ली गो’ म्हणजे मला जायचं नसलं तरी शेवटी पाय तिकडेच वळणार.

सहावी पायरी : वाक्यात जागा

साधारण तीन जागा. ‘विल’सारखं सहायक क्रियापद असेल तर त्याच्यामागे : ‘द वर्क विल इनेव्हिटेब्ली टेक टाइम.’ एकटं क्रियापद असेल तर त्याच्या आधी : ‘रश इनेव्हिटेब्ली लीड्स टू मिस्टेक्स.’ किंवा वाक्याच्या तोंडाशी, स्वल्पविराम देऊन. थट्टेखोर भाऊ बहुतेक वेळा या तिसऱ्या जागी बसतो. शेवटी टाकू नका, तिथे तो लोंबकळतो.

‘लीड टू’, ‘रिझल्ट इन’, ‘मीन’, ‘इन्व्हॉल्व्ह’ यांच्याशी त्याचं चांगलं जमतं, कारण ती सगळी एका गोष्टीतून दुसरी निघाल्याचं सांगणारी क्रियापदं आहेत. ‘मे’ आणि ‘माइट’ यांच्याशी पटत नाही. होईल कदाचित आणि अटळपणे होईल, दोन्ही एका दमात कसं म्हणणार? ‘व्हेरी’ही लावू नये. एखादी गोष्ट फार अटळ आणि थोडी अटळ नसते. ‘ऑलमोस्ट इनेव्हिटेब्ली’ मात्र चालतं आणि शहाण्या माणसाला शोभतं. टळण्याची बारीकशी फट त्यात ठेवलेली असते.

नकाराचं एक वळण नीट पाहून घ्या. ‘नॉट इनेव्हिटेब्ली’ म्हणजे ‘कधीच होणार नाही’ असं नाही. त्याचा अर्थ ‘होईलच असं नाही’. ‘हेवी रेन डज नॉट इनेव्हिटेब्ली मीन अ पॉवर कट’ : जोराचा पाऊस आला म्हणजे वीज जातेच असं नाही. (आमच्या वाड्यावर जाते, पण ते राहू दे.) पुन्हा तोच ‘च’ कामाला येतो. ‘जातेच असं नाही’ हा साचा मनात धरला की इंग्रजी वाक्य चुकत नाही. रोजच्या बोलण्यात याच जागी ‘नॉट नेसेसरिली’ जास्त ऐकू येतं, ते वापरलं तरी उत्तम.

सातवी पायरी : शेजाऱ्यांत गल्लत नको

‘इनव्हेरिएब्ली’ दिसायला जुळा भाऊ आहे. त्याचा अर्थ ‘दर वेळी, न बदलता’. तो फक्त वारंवारता मोजतो, कारण सांगत नाही. ‘शी इनव्हेरिएब्ली वेअर्स अ फ्लॉवर इन हर हेअर’ : ती नेहमी केसांत फूल माळते. यात अटळ काही नाही, तिची हौस आहे.

‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी, बऱ्याच काळाने. झुआरीवरचा नवा पूल इव्हेंच्युअली झाला, पण इनेव्हिटेब्ली झाला असं जुन्या पुलावर तासन्‌तास अडकलेल्यांपैकी कोणी म्हणणार नाही.

बोलताना तर ‘बाउंड टू’ हाच बरा. ‘इट्स बाउंड टू रेन’ कोणीही सहज म्हणतं. ‘इट विल इनेव्हिटेब्ली रेन’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, भाषण सुरू झालं.

आठवी पायरी : कुठे अजिबात नको

माझे काही विद्यार्थी कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत रिसेप्शनवर आहेत. त्यांना मी एकच सांगते, पाहुण्यासमोर हा शब्द काढू नका. ‘चेक-इन विल इनेव्हिटेब्ली बी डिलेड’ यात तुम्ही खांदे उडवल्यासारखं ऐकू येतं : होणारच उशीर, मी काय करू? खोली साफ व्हायला वेळ लागला, तर तो हॉटेलला लागला. ‘आय एम सॉरी, युअर रूम विल टेक अनदर हाफ अ‍ॅन अवर’ म्हणा. पाहुण्याला कारणांच्या दोरीत रस नसतो, त्याला खोली हवी असते.

दुसरी जागा इतिहासाची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. निबंधांत वाक्य येतं, ‘गोवा इनेव्हिटेब्ली बिकेम अ सेपरेट स्टेट.’ 30 मे 1987 ला राज्य झालं, हे खरं. पण मागे जाऊन बघा. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने 1,38,170 मतं पडली, वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191. फरक 34,021 चा. त्या दिवशी मतदानाला उभ्या असलेल्या माणसाला काही अटळ वाटत नव्हतं. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं होती, म्हणून हे ठामपणे सांगते. वेगळं राहण्याची खूण दोन पानं होती, विलीनीकरणाची फूल. 17,011 माणसांनी पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर निकाल उलटा लागता. घडून गेलेली गोष्ट मागे वळून पाहताना नेहमीच अटळ दिसते, आणि इनेव्हिटेब्ली हा शब्द त्या दिसण्यावर शिक्का मारून देतो. इतिहासावर लिहायचं असेल तर आधी कारणं मांडा. कारणं भक्कम असतील तर वाचणारा तो शब्द मनातल्या मनात स्वतःच म्हणेल.

आता तुम्ही करा

खालच्या वाक्यांत इनेव्हिटेब्ली बसतो का, ते उत्तर न बघता ठरवा.

‘मिरवणुकीच्या दिवशी हा रस्ता बंद राहील.’ ‘शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही.’ ‘वय झालं म्हणजे गुडघे दुखतातच असं नाही.’ ‘मी यंदा परीक्षेला बसणारच.’ ‘डोंगरावरची झाडं तोडली की पावसात माती खाली येणारच.’

पहिल्यात नाही. रस्ता कोणीतरी बंद करतंय, ‘विल बी क्लोज्ड’ एवढंच पुरे. दुसऱ्यात दोन्ही बसतात. दर शुक्रवारचा अनुभव सांगायचा तर इनव्हेरिएब्ली, गर्दीमुळे दुसरं काही होऊच शकत नाही असं म्हणायचं तर इनेव्हिटेब्ली. तिसऱ्यात ‘डू नॉट इनेव्हिटेब्ली’. चौथ्यात नाही, तिथे हट्ट आहे. पाचव्यात बसतो आणि अगदी घट्ट बसतो. पण त्याआधीच्या ‘तोडली’ला तो लावू नका, झाडं तोडणारा कोणीतरी असतो.

समितीची नोटीस ‘मँडेटरी’ घालून देवळाच्या फलकावर लागली. सभेच्या संध्याकाळी कोरम भरला नाही. रात्री त्या मुलाचा मेसेज आला, एवढाच : ‘इनेव्हिटेब्ली, टीचर.’ स्वल्पविरामही जागच्या जागी होता.